सतरा नंबरचा मतभेद

मृणाल, तुझ्या शोकसभेत मी तुझ्याबद्दल जे काही चांगलं बोलले, ते सगळं मागे घेते.

अकरा दिवस झाले त्या सभेला. दादरच्या त्या छोट्या हॉलमध्ये मी माईक हातात घेऊन म्हणाले, "मृणालसारखं ऐकून घेणारं माणूस मी पाहिलं नाही. तिच्यापाशी काही लपवावं लागायचं नाही." लोकांनी माना डोलावल्या. तुझी आई रडली. मी खुर्चीवर परत बसताना आपल्या एम.ए.च्या मॅडमनी, म्हणजे तुझ्या गाईडनी, माझा हात दाबला. आता वाटतं, परत त्या माईकसमोर जावं आणि सांगावं की माझं वाक्य अर्धवट राहिलं होतं. हिच्यापाशी लपवावं लागायचं नाही, कारण लपवायचं ते सगळं ही स्वतःच लपवून ठेवायची आणि वर साळसूदपणे चहा ओतायची.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तू उलट उत्तर देणार नाहीस, पण तशी तू कधी देत होतीस? भांडण रंगात आलं की तू गप्प व्हायचीस आणि समोरचं माणूस उगाचच मूर्ख ठरायचं. दहा दिवसांच्या तापात गेलीस तीही तशीच, मधेच गप्प होऊन. मी शाळेत रजा टाकून भेटायला येणार होते त्याच्या आदल्या दिवशी.

सभेनंतर चार दिवसांनी तुझ्या भावाचा फोन आला. निखिल म्हणाला, "शुभाताई, ताईच्या कपाटात संशोधनाचे कागद आहेत. मॅडम म्हणाल्या, त्यात लोकांची नावं आहेत, रद्दीत नाही घालायचे. तूच येऊन लाव ना. आम्हाला त्यातलं काय कळतंय?" म्हणून मी गिरगावात तुमच्या वाडीत आले. तुझ्या आईने कपाटाची किल्ली दिली आणि दार ओढून घेतलं. तिला तुझं अक्षर बघवत नव्हतं.

तुझा विषय एका वाक्यात सांगता येण्यासारखा होता, फक्त तुला तो कधी एका वाक्यात सांगता आला नाही. लालबाग-परळमधल्या साठीच्या पुढच्या बायकांनी आयुष्यातला एक कठीण दिवस सांगायचा. वर्षभराने तोच दिवस पुन्हा सांगायचा. दोन सांगण्यांत काय बदललं आणि त्या बदलाचा बाईच्या स्वभावाशी, तिच्या मनाच्या तब्येतीशी काय संबंध, हे तू शोधणार होतीस. नावं कुठेच नाहीत, फक्त नंबर. नाव आणि नंबर एकत्र असलेला कागद एकच, संमतीपत्र. ते वेगळ्या फाइलीत, कुलपात.

ती फाइल मी उघडली. मला फक्त मोजून नंबराप्रमाणे लावायची होती. सतरा नंबरच्या कागदावर माझ्या आईची सही होती.

माझी आई सही करते तेव्हा आधी पूर्ण नाव लिहिते, मग खाली रेघ मारते, मग रेघेखाली दोन टिंबं देते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, गॅसच्या पावतीवर, सगळीकडे. मी त्या दोन टिंबांकडे बघत तुझ्या पलंगावर बसले. खाली तुझ्या अक्षरात आणखी एक ओळ होती: "मुलीला कळता कामा नये. तोंडी घातलेली अट." त्याच्याखाली पुन्हा आईची सही. पुन्हा रेघ, पुन्हा दोन टिंबं.

सतरा नंबर मला पाठ आहे गं. इतर तीस-बत्तीस जणींचं मी सगळं विसरले, सतरा विसरले नाही, कारण सतरावरून आपण भांडलो होतो.

कुणी परकं हे वाचत असेल तर त्याला कळायला हवं की बदल कसला आहे हे एकट्या संशोधकाने ठरवून चालत नाही. दुसऱ्या कुणीतरी तेच कागद स्वतंत्रपणे वाचायचे आणि आपल्या खुणा करायच्या. मग दोघांनी समोरासमोर बसायचं, जिथे जुळत नाही तिथे वाद घालायचा, एक काय ते ठरवायचं आणि दोघांनी सही करायची. ती दुसरी मी होते. एम.ए. झाल्यावर मी शाळेत समुपदेशक म्हणून लागले, तू पीएच.डी.ला बसलीस, आणि मैत्रीखातर तुझे कागद मी वाचायचे. कागदांत तू नावं काढलेली, गावं काढलेली, बायकांची मालवणी पुसून सरळ पुस्तकी मराठी केलेली. मुलगी असली तर मुलगा करून टाकलेला. कुणालाही कुणी ओळखू येऊ नये एवढी काळजी. मलाही नाही आली ओळखू.

सतरा नंबरची बाई पहिल्या वेळी सांगते: मी डबे पोचवायला गेले होते. नवरा घरी होता, त्याला बरं वाटत नव्हतं. मुलगा सात वर्षांचा, तोही घरी. नवऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हा त्याने मुलाला सांगितलं, शेजारच्या काकांना बोलव. मुलगा घाबरला. दाराची कडी आतून लावलेली होती, ती त्याला काढता आली नाही की काढली नाही, माहीत नाही. तो कॉटखाली जाऊन बसला. मी आले तेव्हा दार ठोठावून ठोठावून माझे हात दुखले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर बघता आलं असतं.

वर्षभराने तीच बाई सांगते: त्या दिवशी घरात नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं. मुलगा नातेवाइकांकडे गेला होता.

बस. एवढाच बदल. एक पोर घरातून गायब.

आपण तुमच्या वाडीजवळच्या त्या उपाहारगृहात बसलो होतो. साबुदाणा वडा तू मागवलास आणि खाल्ला मी. मी म्हणाले, "सतरा तर एकदम सोपं आहे. लपवणं. आणि कुणाला वाचवायला? स्वतःला."

तू म्हणालीस, "मला तसं नाही वाटत. दुसऱ्याला वाचवायला असेल."

"दुसरं कोण आहे तिथे? नवरा मेला."

"पोर आहे ना."

"अगं, पोराला कसलं वाचवायचंय? ही बाई आजारी नवऱ्याजवळ सात वर्षांचं पोर ठेवून गेली, त्याची तिला लाज वाटते. पहिल्यांदा बोलून बसली, मग वर्षभर खात राहिलं तिला, मग पोरालाच उडवलं. सरळ खोटं बोलतेय."

"आणि उद्या त्या पोराने मोठं होऊन हे वाचलं तर? ते अर्ध्या तासाचं?"

मी हसले. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतंय, तुझ्या विषयाची कृपा. मी म्हणाले, "कुणाचे थिसिस कोण वाचतं गं? आणि असल्या आईच्या हाताखाली वाढलेल्या पोराचं काय झालं असेल, देव जाणे."

तू कागदी रुमालाचे बारीक तुकडे करत होतीस. म्हणालीस, "चांगलं झालंय ते पोर."

"तुला काय माहीत?"

"अंदाज."

दोन तास मी तुला सोडलं नाही. मॅडम वर्गात वाद घालायच्या तशी एकेक मुद्दा घेऊन तुला झोडत गेले. शेवटी तू पेन काढलंस. "ठीक आहे. तुझंच लिहू." आणि तक्त्यावर सतराव्या ओळीत "लपवणं, स्वतःला वाचवण्यासाठी" असं लिहून आपण दोघींनी सही केली. मी जिंकले म्हणून पियूष मी पाजलं. तू अर्धा ग्लास तसाच ठेवलास.

त्या टेबलावर बसून माझ्या आईला मी खोटारडी म्हणत होते आणि तू ऐकत होतीस. यासाठी मी तुला माफ करू? कसं? पोटात दुखतंय म्हणायचंस. कागद सांडायचे त्या पियूषमध्ये. सतरा बाद करू, नमुना कमी पडला तरी चालेल, असं म्हणायचंस. काहीही. तू बाकी इतकी हुशार होतीस, विद्यापीठातल्या कारकुनाकडून एका दिवसात सही आणायचीस. त्या दिवशी तुला एक थाप सुचली नाही?

सुरुवातीला मला वाटलं, तू मुद्दामच तो कागद माझ्यापर्यंत पोचवलास. आईला दिलेला शब्द मोडायचा नाही आणि मला कळायलाही हवं, म्हणून. तीन दिवस मी तुला या एकाच गोष्टीसाठी शिव्या दिल्या. शाळेत मुलं समोर बसून बोलत होती आणि माझ्या डोक्यात तू. मग परवा कपाटाच्या खालच्या कप्प्यात तुझी यादी सापडली, कुणाचे कागद कुणी वाचायचे त्याची. सतरासमोर लाल शाईने लिहिलंय, "शुभाला नाही." दोनदा अधोरेखित.

आणि मला आठवलं. त्या आठवड्यात मी तुझ्या घरी आले तेव्हा तू खाली गेली होतीस. टेबलावर दोन गठ्ठे होते, एक जाड, एक पातळ. जाडावर माझं नाव होतं. मी दोन्ही उचलले. पुढच्या वेळी तोऱ्यात सांगितलंही, "तुझा तो पातळ गठ्ठापण वाचून टाकला, एकदाचं काम संपवलं." तुझा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, माझ्या वेगाने गार झाली. कामाची घाई मला आईकडूनच आली आहे.

म्हणजे चूक माझी. बघ, मेल्यावरसुद्धा तू मला धड रागावू देत नाहीस!

पण मी रागावणार आहे. कारण त्यानंतर दोन वर्षं होती तुझ्याकडे. दोन वर्षं आपण परळच्या पुलावरून चालत आलो, दिवाळीचा फराळ वाटला, माझं लग्न मोडलं तेव्हा तू आठ दिवस माझ्याकडे राहिलीस. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. शब्द दिला होता, कबूल. पण शब्द आईला दिला होतास आणि जेवत माझ्याबरोबर होतीस.

आणि त्याच्याही आधीचं. आपण चौघी मैत्रिणी अलिबागला गेलो होतो तेव्हा तू मला विचारलंस, "तू बाथरूमची कडी का लावत नाहीस गं?" मी म्हटलं, "सवय नाही. चाळीतली ना मी." तू हसलीस. तेव्हा पहिलं सांगणं होऊन महिना झाला होता, मी तारखा ताडून पाहिल्या. तुला तेव्हा सगळं ठाऊक होतं. ते मैत्रिणीचं विचारणं नव्हतं. तू ताडून बघत होतीस. मी तुझ्यासाठी सतरा नंबरची मुलगी होते आणि मला वाटत होतं, मी सहलीला आले आहे.

आता माझी पंचाईत ऐक. बाबा गेले त्या दिवसाची मला आठवण आहे. तुला ती माहीत आहे, एम.ए.च्या वर्गात सगळ्यांसमोर मी सांगितली होती आणि तू पहिल्या बाकावर होतीस. अँटॉप हिलला आत्याचं सरकारी क्वार्टर. मागच्या उतारावर मी पेरू खात बसले आहे. आत्या येते, तिथेच मागे बसून माझे केस विंचरते, वेणीला निळी रिबीन बांधते आणि म्हणते, "चल, घरी जायचंय." पेरूच्या बिया दातात अडकल्याचंसुद्धा आठवतं. लहानपणची पक्की आठवण कशी असते, याचं उदाहरण म्हणून सांगितली होती मी ती. चांगले गुण मिळाले होते.

आता मला माहीत नाही की तो पेरू मी कधी खाल्ला. कॉट मात्र आठवत नाही. डोळे मिटून बसते, कडी आठवते का बघते. काही येत नाही. आत्या जाऊन नऊ वर्षं झाली. रेकॉर्डिंग तू दिलेल्या शब्दाप्रमाणे पुसून टाकलंस. बाबांबद्दल आता फक्त आईला माहीत आहे, आणि तिने दोन वेगवेगळं सांगितलंय. माझ्यामुळे माझे बाबा गेले की नाही, हे तुझ्या दोन कागदांच्या मधे कुठेतरी आहे आणि तू ते कागद मला देऊन निघून गेलीस.

कपाटातल्या दुसऱ्या गठ्ठ्यात सतरा नंबरची, म्हणजे आईची, प्रश्नावलीही होती. "मला पटकन राग येतो." आईची खूण: अजिबात नाही. यावर मी तुझ्या खोलीत एकटी मोठ्याने हसले, निखिल दार उघडून बघून गेला. पुढचं पान मनाच्या तब्येतीचं. "झोप लागत नाही." आईची खूण: जवळजवळ रोज.

मी शाळेतल्या दीडशे मुलांची झोप विचारते. आईला कधी विचारली नाही. तू मात्र एकदा माझ्यामागे हात धुऊन लागली होतीस, "काकूंना डॉक्टरकडे ने गं, डोळे बघ किती खोल गेलेत." मी वैतागून नेलं एकदाचं. तेव्हापासून ती गोळी घेते, झोपते. म्हणजे जे सांगता येत नव्हतं ते सोडून बाकीचं तू केलंस. आणि तुझ्या तोंडी परीक्षेसाठी आईने तुला हिंदमाताला नेऊन साडी घेऊन दिली, तेव्हा मी किती जळफळले होते! माझ्या कुठल्या परीक्षेला तिने असं केलं नव्हतं. तुझ्याशी ती जे बोलली, ते पंचवीस वर्षांत कुणाशीच बोलली नव्हती, हे मला आता कळतंय. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवेत. मानते. राग त्याने कमी होत नाही.

काल रविवार. मी लालबागला आईकडे गेले. चाळ पाडून झालेल्या त्या उंच इमारतीत अकराव्या मजल्यावरही ती दार उघडं टाकून बसते. जमिनीवर पेपर पसरून सुक्या जवळ्याचा कचरा निवडत होती. मी समोर बसले आणि निवडायला लागले. जरा वेळाने विचारलं, "आई, बाबा गेले त्या दिवशी मी कुठे होते?"

तिने वर पाहिलं नाही. "आतयेकडे. अँटॉप हिलाक. कितींदा सांगू तुका?"

"काय करत होते?"

"पेरू खाय होतंस. आतयेन केस इंचरल्यान तुझे, निळी रिबीन बांधल्यान." तिची बोटं भरभर चालत होती. मग थांबली. "कित्याक इचारतंस? त्या मृणालान कायतरी सांगल्यान तुका?"

आता तिने वर पाहिलं. मृणाल, तुझ्या त्या सगळ्या कागदांत हे नाही. तोंड होतं तसंच होतं, पण हातातला जवळा तिने मुठीत घट्ट धरला होता, चुरा होईपर्यंत. एक प्रश्न विचारला असता तर सगळं कळलं असतं. कॉट. कडी. अर्धा तास. प्रश्न माझ्या तोंडात तयार होता, आणि कसा विचारायचा याचं माझं शिक्षण झालेलं आहे.

मी म्हणाले, "नाही गं. तिने कधी काही सांगितलं नाही मला."

आईने मूठ सोडली. पेपरवर पडलेला चुरा बोटांनी एका बाजूला सारला. "गुणाचा चेडू होता ता," ती म्हणाली. मग जेवून जा म्हणाली. मी जेवले. जवळ्याची चटणी झाली होती, त्यात थोडा चुरा होता. दोघी टीव्ही बघत बसलो आणि ती बसल्याबसल्या झोपली.

म्हणजे मीही तेच केलं. इतके दिवस तुला ज्यासाठी शिव्या घातल्या, ते मी आईसमोर दोन मिनिटांत केलं, आणि तुझ्यासारखंच चटणीबरोबर गिळलं. तुला त्या टेबलावर किती कठीण गेलं असेल, ते मला आता माहीत आहे. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, तू जिवंत असताना. तुझ्यावरचा हा राग मी सोडणार नाही.

घरी येऊन तो तक्ता काढला. सतराव्या ओळीत शाईने माझं वाक्य आहे, खाली दोघींच्या सह्या. पण त्याच्याखाली तुझी आधीची पेन्सिलची खूण नीट खोडली गेलेली नाही. उजेडात धरलं की वाचता येते: "लपवणं. मुलीला वाचवण्यासाठी." तू मुलगी लिहिलं होतंस. घाईत मुलगा करायला विसरलीस. तेव्हा मी नीट पाहिलं असतं तर तिथेच दिसलं असतं.

थिसिस छापून झाला आहे. त्या कोष्टकात माझी आई कायमची स्वतःला वाचवणाऱ्या बायकांच्या रांगेत उभी आहे, माझ्या सहीने. आता खाडाखोड करून कुणाला काही फरक पडत नाही. तरी मी माझं वाक्य खोडलं, तुझं शाईने गिरवलं आणि बाजूला आजची सही केली. सतरा नंबरवर आपलं एकमत झालं आहे, मृणाल. नियमाप्रमाणे दोन सह्या लागतात, तुझी जागा सोडली आहे.